टॉम विगिन्सचा पालक कोण? एका पियानोवादकाचं प्रकरण

१८६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात एक दावा चालला. सोळा वर्षांच्या एका जन्मांध काळ्या मुलाचा ताबा कोणाकडे असावा, एवढाच प्रश्न होता. एका बाजूला जनरल जेम्स नील बेथ्यून. जॉर्जियातला गोरा वकील, वृत्तपत्राचा संपादक आणि कालपरवापर्यंत त्या मुलाचा मालक. दुसऱ्या बाजूला टॅब्स ग्रॉस. तो स्वतः गुलामीतून सुटलेला काळा माणूस, कार्यक्रमांचे ठेके घेणारा. मुलगा मला द्यायचं कबूल करून बेथ्यूननं शब्द फिरवला, अशी त्याची तक्रार होती. यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं, गुलामगिरी मोडीत निघाली होती. तरीही दोन मोठी माणसं एका मुलावर हक्क सांगत उभी होती, कारण तो पियानोवर बसला की तिकीटखिडकीवर रांग लागायची. कोर्टानं मुलगा बेथ्यूनकडेच ठेवला.

त्या मुलाचं नाव थॉमस विगिन्स. जाहिरातींत मात्र ‘ब्लाइंड टॉम’. आज ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आणि संगीत यांच्याबद्दल काही वाचायला घेतलं की हे नाव भेटतंच. ऑलिव्हर सॅक्स या मेंदूविकारतज्ज्ञानं त्याच्याबद्दल लिहिलं, तो स्वमग्न असावा असा अंदाज केला. असाधारण कौशल्याच्या व्यक्तींचा जन्मभर अभ्यास केलेल्या डॅरोल्ड ट्रेफर्ट यांनीही त्याचा दाखला दिला. त्या चर्चेत टॉमच्या मेंदूबद्दल बरंच सापडतं, त्याच्या पैशांबद्दल फार थोडं. मला हे प्रकरण मांडावंसं वाटलं ते या दुसऱ्या गोष्टीसाठी.

माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या मुलांत काही स्वमग्न मुलं आहेत. त्यांतला एक जण पंख्याची घरघर ऐकून ‘काळी एक’ म्हणतो, शेजारच्या कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत आहे तेही सांगतो. मी पेटीवर पडताळून पाहिलं आहे, तो चुकत नाही. काही वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही त्याला मंडपात बसवलं. लोक काहीबाही वाजवायचे, गाडीचा हॉर्न, घंटा, आणि तो सूर ओळखायचा. पाचव्या-सहाव्या खेपेला त्यानं दोन्ही कानांवर हात घेतले, तरी खालून ‘अजून एक, अजून एक’ चालूच होतं. थांबवायला मी उशीर केला. त्यानंतर महिनाभर तो पेटीला शिवला नाही. टॉमची हकीकत मी नीट वाचायला घेतली ती त्यानंतर.

जमेत न धरलेलं मूल

टॉमचा जन्म २५ मे १८४९ चा, जॉर्जियातल्या हॅरिस काउंटीमधल्या एका मळ्यावरचा. आई चॅरिटी, वडील डोमिंगो, दोघंही गुलाम. १८५० मध्ये हे कुटुंब विकलं गेलं आणि कोलंबस गावच्या बेथ्यूननं विकत घेतलं. आंधळं तान्हं मूल कामाचं नाही म्हणून सौद्यात त्याची किंमतच लावली नव्हती, असं सांगतात.

कामाचा नाही म्हणूनच तो मोकळा राहिला. शेतावर जुंपता येत नाही, तेव्हा घराभोवती फिरू दे, असा हिशेब. कोंबड्याचं आरवणं, पत्र्यावरचा पाऊस, आगगाडी, माणसांची बोलणी, जे कानावर पडेल ते तो जसंच्या तसं काढून दाखवायचा. बेथ्यूनच्या मुली पियानो शिकायच्या. चारेक वर्षांचा असताना टॉम त्या पियानोपाशी पोचला आणि ऐकलेलं वाजवू लागला. आपल्याकडे एकदा ऐकून पाठ होणाऱ्याला एकपाठी म्हणतात. हा मुलगा दहा बोटांनी एकपाठी होता. पाचव्या वर्षी त्यानं पावसाच्या वादळावर एक रचना केल्याचं म्हणतात. पुढे ती ‘रेन स्टॉर्म’ या नावानं छापली गेली.

१८५७ मध्ये, आठव्या वर्षी, कोलंबसमध्येच त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. त्यानंतर लवकरच बेथ्यूननं त्याला पेरी ऑलिव्हर नावाच्या माणसाला चालवायला दिलं. रक्कम पंधरा हजार डॉलर. जमीन खंडानं देतात तसं हे मूल खंडानं दिलं गेलं. ऑलिव्हरनं त्याला गावोगाव फिरवलं आणि जाहिरातींत त्याचं वर्णन माणसापेक्षा प्राण्याला शोभेल असं केलं, कारण चमत्कार जितका विचित्र तितकं तिकीट महाग. १८६० मध्ये तो व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष जेम्स बुकॅनन यांच्यासमोर वाजवून आला. तिथे वादन केलेला पहिला आफ्रिकन अमेरिकन कलाकार म्हणून त्याचं नाव घेतात. तेव्हा तो अकरा वर्षांचाही असेल-नसेल.

कार्यक्रमाचा साचा ठरलेला होता. आधी टॉमचं नेहमीचं वादन. मग प्रेक्षकांतल्या एखाद्या वादकाला वर बोलवायचं, त्यानं टॉमनं कधी न ऐकलेलं काहीतरी वाजवायचं आणि टॉमनं ते परत वाजवून दाखवायचं. डाव्या हातानं एक चाल, उजव्या हातानं दुसरी आणि तोंडानं तिसरंच गाणं, हाही एक प्रयोग असायचा. रिबेका हार्डिंग डेव्हिस या लेखिकेनं १८६२ मध्ये अटलांटिक मासिकात त्याच्यावर लेख लिहिला. त्यात एका कसोटीची हकीकत आहे. एका संगीतकारानं स्वतःची नवी रचना पियानोच्या वरच्या सप्तकांत वाजवायची आणि टॉमनं शेजारी बसून, ती पहिल्यांदाच ऐकत असताना, खालच्या सप्तकांत साथ करायची. टॉमनं ती केली. मग तो उठला, त्या गृहस्थाला ढकलून बाजूला केलं आणि वरचा भागही स्वतःच वाजवला.

ती साथ म्हणजे नुसती आठवण नव्हे. जी रचना पूर्वी ऐकलीच नाही तिला स्वर जुळवायचे तर पुढे काय येणार याचा अंदाज बांधावा लागतो, म्हणजे संगीताची वाक्यरचना आत मुरलेली असावी लागते. आपल्याकडचा चांगला पेटीवाला गवयाच्या मागून जाताना हेच करत असतो. तरीही टॉमच्या काळच्या लिखाणात ‘पोपटासारखं’, ‘आरशासारखं’ असेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. गुलाम मुलाला बुद्धी आहे हे मान्य केलं असतं, तर त्याला गुलाम ठेवण्यामागचं सगळं समर्थनच डळमळलं असतं.

‘बॅटल ऑफ मनॅसस’ ही त्याची सगळ्यांत गाजलेली रचना. जुलै १८६१ मधल्या मनॅससच्या लढाईवरची. तिच्यात ढोल येतात, बासरीच्या लष्करी चाली येतात, आगगाडीचा आवाज तो तोंडानं काढायचा. तोफांसाठी त्यानं खर्जातल्या लागून असलेल्या पट्ट्या तळहातानं एकदम दाबल्या. सूर असा उरतच नाही, नुसता दणका ऐकू येतो. पाश्चात्त्य संगीतात हे तंत्र विसाव्या शतकात हेन्री कॉवेल या अमेरिकन संगीतकाराच्या नावानं प्रसिद्ध झालं. टॉमनं ते त्याच्या अर्धशतक आधी केलं होतं. लढाई दक्षिणेनं जिंकलेली, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्यांनी, आणि ती रचना वाजवून टॉम त्यांच्याच सैन्यासाठी पैसे उभे करून देत होता. यात त्याचं स्वतःचं मत काय होतं, हे त्या वेळी कुणी विचारल्याचं दिसत नाही.

कागद बदलत गेले

प्रकरणाचा गाभा इथून पुढे आहे, म्हणून तारखा सावकाश घेतो.

दक्षिणेचा पराभव दिसू लागला तेव्हा बेथ्यूननं टॉमच्या आईवडिलांकडून करार करून घेतला. मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत बेथ्यूनकडे राहील, बदल्यात त्यांना राहायला घर आणि वर्षाकाठी काही रक्कम. सिनसिनाटीच्या दाव्यात बेथ्यूनची बाजू उभी राहिली ती या करारावर. चॅरिटी आणि डोमिंगो सही करायला खरोखर मोकळे होते का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ज्याच्या जमिनीवर राहायचं, ज्याचं अन्न खायचं, तोच कागद पुढे करतो.

१८६६-६७ मध्ये टॉमला ब्रिटनमध्ये नेलं. तिथे इग्नात्स मोशेलेस आणि चार्ल्स हॅले या दोन नामांकित पियानोवादकांनी त्याची परीक्षा घेतली आणि लेखी अभिप्राय दिले. ते अभिप्राय लगेच जाहिरातीच्या पुस्तिकेत छापले गेले.

१८७० मध्ये टॉम एकवीस वर्षांचा झाला. करार संपला, आता तो कायद्यानं स्वतःचा धनी. त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या कोर्टानं त्याला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलं आणि बेथ्यूनचा मुलगा जॉन याला त्याचा पालक नेमलं. मिळकत पूर्वीच्याच घरी जात राहिली. फरक एवढाच की आधी मालकी होती, मग करार झाला आणि आता पालकत्व आलं. टॉम वर्षातले बरेच महिने दौऱ्यावर असायचा, उन्हाळा व्हर्जिनियातल्या वॉरेंटनजवळच्या बेथ्यूनच्या शेतावर काढायचा.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामात त्यांनी दाखवलेल्या औदार्यासाठी. पुण्यात ते शब्द छापले जात होते त्या वर्षी टॉम त्याच अमेरिकेत पूर्वीच्या मालकाच्या मुलासाठी गावोगाव वाजवत होता. जोतीरावांनी केलेला गौरव खोटा ठरत नाही, लढणारी माणसं खरोखरच लढली होती. पण टॉमपर्यंत ती मुक्ती पोचली नाही, आणि तिला अडवायला कोर्टाला एक शब्द पुरला, अक्षम.

जॉन बेथ्यून दौऱ्यांचा धनी होता. न्यूयॉर्कमध्ये एलायझा स्टुट्सबाख या बाईशी त्याचं लग्न झालं आणि बिनसलंही. १८८४ मध्ये चालत्या गाडीत चढताना तो पडला आणि मरण पावला. मृत्युपत्रात बायकोला काहीच ठेवलं नव्हतं. टॉमचा ताबा पुन्हा म्हाताऱ्या जनरलकडे गेला. तेव्हा एलायझानं जॉर्जियातून चॅरिटीला बोलावून घेतलं आणि आईच्या नावानं दावा लावला. तीन वर्षं तो चालला. १८८७ मध्ये फेडरल कोर्टानं टॉमला जनरलच्या हातून काढून एलायझाकडे सोपवलं. वर्तमानपत्रांनी शेवटचा गुलाम सुटला म्हणून बातम्या दिल्या. चॅरिटीच्या नावाचं काम संपलं होतं. तिच्या हाती काही आलं नाही, ती जॉर्जियाला परत गेली.

एकाही पालकानं टॉमला मारझोड केल्याचं ठळक नोंदलेलं नाही. त्याला चांगले कपडे होते, पियानो होता, न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पॉझनान्स्की नावाचा संगीतशिक्षक नवनव्या रचना वाजवून दाखवायला आणि टॉमच्या रचना लिहून घ्यायला होता. पण मिळकतीचा हिशेब टॉमला कुणी दिला नाही. त्याच्या काही रचना तर दुसऱ्याच, काल्पनिक नावांनी छापल्या गेल्या.

तो स्वमग्न होता का?

समकालीनांनी लिहून ठेवलेल्या गोष्टी अशा. तो स्वतःबद्दल ‘टॉम’ असं तृतीयपुरुषी बोलायचा. इतरांची वाक्यं, त्यांच्या आवाजाच्या हेलासकट, परत म्हणायचा. वाजवून झालं की प्रेक्षकांबरोबर स्वतःच टाळ्या पिटायचा. मार्क ट्वेनला १८६९ मध्ये तो आगगाडीत भेटला, तेव्हा डोलत, गाडीचे सगळे आवाज तोंडानं काढत होता आणि थांबत नव्हता. पुढे ट्वेन त्याचे कार्यक्रम ओळीनं तीन रात्री ऐकून आला.

स्वमग्न मुलांशी रोजचा संबंध असलेल्या कुणालाही हे वाचून ओळखीचं वाटेल, मलाही वाटतं. लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये बाल्टिमोरहून अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि ऑटिझम हे निदान म्हणून पुढे आलं. त्या अकरांतही संगीत आहे. एक मुलगा वर्षाचा असताना कितीतरी चाली बिनचूक गुणगुणायचा. दुसरा, त्याच्या आईच्या सांगण्यानुसार, दीड वर्षाचा असताना अठरा सिम्फन्या वेगवेगळ्या ओळखायचा. १९९० च्या दशकात लंडनमध्ये पामेला हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगीत न शिकलेल्या स्वमग्न मुलांना एकेक सूर एकेका प्राण्याच्या चित्राशी जोडून दिला. कुठला सूर कुठल्या प्राण्याचा, हे त्या मुलांना इतर मुलांपेक्षा चांगलं लक्षात राहिलं. सुटा सूर धरून ठेवण्याची ही ताकद बऱ्याच स्वमग्न मुलांत दिसते. म्हणजे प्रत्येक स्वमग्न मूल गाणारं असतं असं मात्र नाही. तशी आशा लावून बसलेले आईवडील माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी हेच सांगतो की संगीताची आवड असणं पुरेसं आहे, चमत्कार शोधू नका.

तरी टॉमच्या बाबतीत मी ‘होता’ असं लिहिणार नाही. जन्मांध मुलंही डोलतात, ऐकलेलं बोलणं परत म्हणतात, ‘मी’ आणि ‘तू’ उशिरा वापरू लागतात. सुरांची नेमकी ओळखही लहानपणापासून अंध असलेल्या वादकांत पुष्कळदा आढळते. शिवाय रंगमंचावर टॉम स्वतःची ओळख करून द्यायचा ती ठेकेदारानं आधी बोललेल्या शब्दांत. तिथला तृतीयपुरुष त्याचा स्वतःचा की शिकवलेला, हे आता वेगळं काढता येत नाही. आणि त्याची वर्णनं लिहिणारे लोक कोण होते? काही तिकिटं विकणारे, काही काळ्या माणसाला कमीच लेखणारे. अशा साक्षीदारांवर निदान उभं करताना हात आखडलेलाच बरा. कॅनर जन्माला येण्याआधी टॉमचं बरंचसं आयुष्य होऊन गेलं होतं. त्याच्या काळात डॉक्टरांकडे एकच शब्द होता, जडबुद्धी, आणि एदुआर सेगँ यांनी १८६६ च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद त्याच सदरात केली.

निदान काहीही असो, कोर्टाचा निकाल त्यावर का अवलंबून असावा, हे मला कळत नाही. बोलता येत नाही, व्यवहार कळत नाही, म्हणून मदतनीस हवा, हे समजू शकतो. मदतनिसाला मिळकतीचा धनी करणं ही वेगळी गोष्ट आहे. १८७० च्या निकालात या दोन्ही एक करून टाकल्या गेल्या.

आपल्याकडचे कागद

हे आपल्या घरांशी कुठे जोडलेलं आहे ते सांगतो. स्वमग्न मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्यानं संपतं, मूल कितीही अवलंबून असलं तरी. त्यासाठी आपल्याकडे राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी जिल्ह्याची स्थानीय स्तर समिती पालक नेमते. अर्ज बहुतेक घरांत होतो, बँकेच्या खात्यासाठी लागतो म्हणून. पण याच कायद्याचं सोळावं कलम कमी लोकांनी वाचलेलं असतं. नेमणुकीपासून सहा महिन्यांत पालकानं त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. सतराव्या कलमानुसार हेळसांड किंवा अफरातफर झाली तर पालक काढून टाकता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं चौदावं कलम आणखी पुढे जातं. तिथे पालकत्व मर्यादित आहे, ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि निर्णय त्या व्यक्तीसोबत मिळून घ्यायचा आहे.

टॉमच्या चार पालकत्वांतलं एकही या कसोटीला उतरलं नसतं. आज आपल्याकडे स्वमग्न मुलं कार्यक्रम करतात, त्यांचे व्हिडिओ पसरतात, मानधन मिळतं, शाल-नारळाबरोबर पाकीटही मिळतं. ते पाकीट कुठल्या खात्यात जातं, हे आईवडिलांना विचारायला मला पूर्वी संकोच वाटायचा. आता विचारतो. बहुतेकांनी मुलाच्या नावाचं खातं उघडलेलंच असतं, त्यांना प्रश्नाचा राग येत नाही. आणि मंडपातल्या त्या मुलाशी आता माझा एक करार आहे. पेटीचं झाकण त्यानं लावलं की कार्यक्रम संपला, समोर कोणीही बसलेलं असो.

होबोकेन

न्यूयॉर्कला गेल्यावरही टॉमचे कार्यक्रम काही वर्षं चालू राहिले. १८८९ मध्ये जॉन्सटाउनच्या महापुरात तो वाहून गेल्याची अफवा उठली आणि पुष्कळांनी ती खरी मानली. १९०४ च्या सुमारास एलायझानं त्याला पुन्हा रंगमंचावर आणलं, या वेळी विनोदी नकला आणि कसरती यांच्या मधल्या वेळात. तेही लवकरच थांबलं. शेवटची वर्षं तो हडसन नदीपलीकडच्या होबोकेनमध्ये एलायझाच्या घरी होता. शेजाऱ्यांना तो क्वचितच दिसायचा, पियानो मात्र ऐकू यायचा.

जून १९०८ मध्ये पक्षाघातानं तो गेला. ब्रुकलिनच्या एव्हरग्रीन्स दफनभूमीत त्याला पुरलं, नावाचा दगड न लावता. जॉर्जियातल्या कोलंबसमध्येही त्याचं दफन तिथे असल्याचं सांगणारी पाटी आहे, म्हणजे मेल्यावरही ताब्याचा वाद मिटला नाही. ब्रुकलिनच्या थडग्यावर दगड बसला २००२ मध्ये.

त्याच्या स्वतःच्या वादनाचं ध्वनिमुद्रण मिळत नाही. छापील स्वरलिपी उरल्या आहेत. त्यांवरून जॉन डेव्हिस या अमेरिकन पियानोवादकानं १९९९ मध्ये ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातली ‘रेन स्टॉर्म’ मी वर्गात लावतो, कुणाची आहे ते आधी न सांगता. सरी सुरू होतात तशी पंख्याचा सूर सांगणारा तो मुलगा उठून खिडकीशी जातो आणि हात बाहेर काढून बघतो.